दूरशिक्षणाने इंटिरियर डिझाइन : कोणी केलंय का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी चिपळूणची. वय ३७, शिक्षण बीकॉम, मुलगी सातवीत, घरी सासूबाई. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात साडेपाच फूट पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढायलाच आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. हौसेने केलेलं हॉलमधलं टीव्ही युनिट चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगून हातात आलं. ते पार्टिकल बोर्डचं होतं, हे नावही मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि आजेसासूबाईंचं सागवानी कपाट पाइप लावून धुतलं, पडवीत सावलीला वाळवलं, आजही त्यात गोधड्या आहेत. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या फळ्यांना तर काही झालंच नाही. नवऱ्याला म्हटलं, हे आपल्याला कोणी आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, आपण कुठे विचारलं.

तिथून या विषयाची गोडी लागली. इथून पुण्या-मुंबईला जाऊन तीन वर्षं शिकणं शक्यच नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये एका खासगी संस्थेचा वर्षाचा दूरशिक्षण डिप्लोमा घेतला, फी ४८ हजार. चार पुस्तकं आली, रेकॉर्ड केलेली लेक्चरं आहेत, रविवारी तासभर ऑनलाइन शंकासमाधान. रंगचक्र, फर्निचरचा इतिहास, ऑटोकॅड-स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं, हे सगळं छान चाललंय, खोटं का बोला.

पण परवाची गंमत ऐका. १२ बाय १५ च्या हॉलचा प्लॅन १:५० मध्ये काढून पाठवला. शेरा आला : "गुड. लाइन वेट सुधारा." म्हणजे रेघांची जाडी. मी खुशीत तोच कागद सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगो, दार आत उघडलं की दिव्याचं बटण दाराच्या मागे. रोज अंधारात चाचपडायचं काय?"

सासूबाई चौथी शिकलेल्या आहेत. तेव्हापासून झोप उडालीय. कोणी दूरशिक्षणाने शिकून खरोखर कामं घेतंय का? की मी ४८ हजारांची चित्रकला शिकतेय?

---

खुसपट
सासूबाईंना व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून नेमा. विषय संपला.

---

कागदपत्र
आधी कागदाचं बघू, मग कलेचं.

'आर्किटेक्ट' हा शब्द आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बांधलेला आहे. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय तो नावापुढे लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरला असा कायदा नाही, उद्या तुम्ही पाटी लावलीत तर कोणी अडवणार नाही. (इंटिरियरवाल्यांची संघटना, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स, तीही १९७२ चीच. कायदा एकाला मिळाला, संघटना दुसऱ्याला.) आर्किटेक्चर दूरशिक्षणाने शिकवायला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत सरळ मनाई आहे. त्यामुळे "इंटिरियर आणि आर्किटेक्चरचा घरबसल्या डिप्लोमा" अशी जाहिरात दिसली की तिथूनच मागे फिरा.

खासगी संस्थेचं प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदविका यांत फरक आहे. सरकारी नोकरी, पुढचं शिक्षण, परदेशी जाणं यातलं काही डोक्यात असेल तर विद्यापीठाचंच हवं, आणि त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी त्या वर्षी दूरशिक्षणाची मान्यता आहे का, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं. माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही. चिपळुणात स्वतःची कामं घ्यायची असतील तर गिऱ्हाईक तुमचा कागद बघणारच नाही. ते शेजारणीचं स्वयंपाकघर बघेल.

---

मिसिसागाकर
कागदपत्र यांच्याशी सहमत, आणि परदेशाचं म्हणाल तर माझीच गोष्ट. पुण्याहून असाच एक डिप्लोमा घेऊन इकडे कॅनडात आले. आमच्या ऑन्टारियो प्रांतात 'इंटिरियर डिझायनर' ही उपाधी कायद्याने राखीव आहे, १९८४ पासून. प्रांताच्या संघटनेची सभासद नसाल तर कार्डावर तो शब्द छापायचा नाही. सभासद व्हायचं तर अमेरिका-कॅनडाची एनसीआयडीक्यू परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेला डिझाइनची पदवी असली तरी वर ३,५२० तास कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पदवी घेऊनही पावणेदोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढायची. मी 'डेकोरेटर' लिहिते. काम मिळतं, पण भिंत हलवायची म्हटलं की मी बाजूला.

---

निवृत्त_मास्तर
मी रेखाकलेचा शिक्षक होतो, एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) झालेला. ३१ वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. माझं मत जुनाट वाटेल, वाटू दे.

ताई, तुम्ही थेट ऑटोकॅडवर गेलात का? तिथे गोची आहे. पडद्यावर आपण खोली लहानमोठी करतो आणि सोफा किती मोठा आहे याची जाण हाताला राहत नाही. महिनाभर एक करा. ए२ कागद, टू एच पेन्सिल, स्केल आणि गुण्या घेऊन स्वतःच्या घराची एकेक खोली १:२० मध्ये काढा. काढण्याआधी मापाचा अंदाज लिहायचा, मग टेप लावायची, चूक किती झाली तेही लिहायचं. माझे विद्यार्थी दरवाजा सर्रास आठ फूट सांगत, तो सात निघे. पंधरा दिवसांत डोळा सुधारतो. दूरशिक्षणात हे कोणी करून घेत नाही, कारण त्याचे गुण नसतात.

आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) हाताने काढा. गिऱ्हाइकासमोर बसून वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत कपाट काढून दाखवणारा माणूस वेगळाच दिसतो.

---

गुण्या
मास्तरांनी आमचं नाव घेतलं म्हणून लिहितो. मी सुताराचा मुलगा, पुण्यात सिंहगड रोडला फर्निचरची कामं घेतो. इंटिरियरवाल्यांची ड्रॉइंग रोज हातात येतात. कॉलेजवाल्यांची पण, घरबसल्या शिकलेल्यांची पण. चुका दोघांच्या सारख्याच असतात, उगाच दूरशिक्षणाला नावं ठेवू नका.

पहिली चूक, खोली काटकोनात आहे असं धरून चालायचं. अहो, नसते. १० बाय १२ च्या खोलीचे दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंचाच्या आसपास यायला हवेत. प्रत्यक्षात एक पावणेआठ येतो, दुसरा सव्वासात. डिझायनर एका भिंतीचं माप घेतो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट काढून मोकळा होतो. कपाट तयार होऊन साइटवर आलं की मागे काही नाही आणि पुढे फट, पाचरीसारखी. मग आम्ही फिलर पट्टी मारतो आणि शिव्या आम्हालाच. माप घ्यायचं ते खाली, मधे आणि वर, तीन ठिकाणी. दोन्ही कर्ण घ्यायचे. टेप अपुरी पडली तर कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, तिरकं बरोबर ५ भरलं तर काटकोन. आमचे वडील हे दोरीने करायचे, पायथागोरस कोण ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरी चूक प्लायची. शीट येते ८ बाय ४ ची. तुम्ही लिहिता कपाटाची आतली खोली, म्हणजे डेप्थ, २४ इंच. म्हणजे बाजूच्या पट्ट्या २४ च्या. ४८ इंचांतून दोन २४ निघत नाहीत, करवतीचं पातं मधे खातं. एक निघते आणि दुसरी तेवढीच कमी. तीच खोली २३ धरा, दोन पट्ट्या आरामात निघतात, हँगर तरीही बसतो, आणि पल्ला-पाठ धरून बाहेरून सगळं २४ च्या जवळ जातं. एका इंचासाठी गिऱ्हाइकाची तीन-चार शीटं जादा गेलेली बघितली आहेत. पुस्तकात शीटचा आकार असतो, पण तो घेऊन कागदावर कटिंग मांडून बघा असं कोणी सांगत नाही.

ताई, तुमच्या जवळ एखादं काम चालू असेल तर तिथे महिनाभर नुसत्या जाऊन बसा. फुकट. चहा पाजा मिस्त्रीला.

---

खुसपट
गुण्यादादा, "चहा पाजा मिस्त्रीला" हा अभ्यासक्रम किती क्रेडिटचा?

---

गुण्या
साखर किती घालता त्यावर.

---

शुभंकरोति
वास्तुशास्त्र शिकवतात का यात? आमच्या नव्या फ्लॅटमध्ये ईशान्येला टॉयलेट आलंय. डिझायनर म्हणते काही होत नाही. विश्वास ठेवावा का?

---

नाशिकची_मनी
शुभंकरोति, वेगळा धागा काढा हो, हा भरकटेल.

ताई, मी दूरशिक्षणानेच केलंय, आठ वर्षं झाली. आज नाशिकमध्ये मी आणि दोन मुली असं छोटं ऑफिस आहे. (वास्तूचं उत्तर मात्र तयार ठेवा. दहातली आठ गिऱ्हाइकं विचारतात. तुम्ही माना किंवा मानू नका, शेगडी आणि देवघर कुठे हवंय ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. नाहीतर तिसऱ्या ड्रॉइंगला सासरे उगवतात.)

कोर्समध्ये न शिकवलेलं सांगते, जसं आठवेल तसं. पैसे. काही जण स्क्वेअर फुटावर घेतात, काही कामाच्या टक्क्यांवर. मी सुरुवातीला ठरवलंच नव्हतं, "बघू हो काय ते" म्हटलं आणि चार महिने फिरून दहा हजार मिळाले. आता डिझाइनची फी वेगळी, त्यातला भाग ड्रॉइंगच्या आधी. दुकानदार कमिशन देऊ करतो, ते घ्यायचं का हे स्वतःशी आधी ठरवा. घेणार असाल तर गिऱ्हाइकाला सांगून घ्या. मी घेत नाही, तेवढी सूट बिलात लावून मागते. लोक लक्षात ठेवतात.

दुसरं, तोंडी काही बोलायचं नाही. "हँडल जरा खाली घ्या" असं साइटवर म्हटलं तरी घरी येऊन व्हॉट्सॲपवर टाकायचं. माझ्या पहिल्या कामात सगळ्या पल्ल्यांची हँडलं वर लागली, मी म्हणे खाली सांगितलं होतं, मिस्त्री म्हणे वर. सनमायकाला भोकं पडली की पडली. सतरा पल्ले होते.

तिसरं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. चालू साइटवर बाईमाणसासाठी संडास नसतो. बंगल्याच्या कामावर आधीच शेजारी ओळख काढून ठेवायची. हसण्यावारी नेऊ नका, पहिल्या वर्षी मी यापायी पाणी पीत नसे आणि आजारी पडले.

---

निवृत्त_मास्तर
मनीताईंचा शेवटचा मुद्दा वाचून गप्प झालो. हे आम्हाला कधी सुचलंही नसतं.

---

वाशिष्ठीकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, रागावू नका. सगळ्यांचं वाचून काढलं आणि थेट कामाला लागले.

खेर्डीला नवऱ्याच्या मित्राच्या घराचं काम चालू आहे, तिथे रोज अकरा ते एक जातेय. मिस्त्री मेवाडचे, वीस वर्षं कोकणात, मराठी-हिंदी-मारवाडी मिसळ बोलतात. पहिल्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माझी टेप काढून माप घ्यायला लागले आणि मला वाटलं टेप खराब आहे, कारण पुढचं लोखंडी नाक खुळखुळत होतं. मी ते पक्कडीने दाबून घट्ट करायला निघाले तर मिस्त्री धावत आले. "अरे मॅडम, ते हलायलाच पाहिजे!" मग दाखवलं. ते नाक त्याच्या स्वतःच्या जाडीएवढंच पुढेमागे होतं. फळीला अडकवून ओढलं की बाहेर सरकतं, भिंतीला टेकवलं की आत जातं, म्हणून आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर येतं. आणि कोपऱ्यात टेप वाकवून अंदाजे वाचायचं नाही. डबी भिंतीला टेकवायची आणि डबीची लांबी त्यात मिळवायची, ती डबीवरच छापलेली असते. माझ्या डबीवर पण छापली होती! सहा महिने ती टेप वापरतेय मी.

तेव्हापासून मिस्त्री बोलायला लागले. चहा मीच नेते, गुण्यादादा, साखर जास्त.

आता एक खरा प्रश्न. हे घर बहादूरशेख नाक्याच्या बाजूला, २१ साली इथेही पाणी होतं. मालक म्हणतात सगळं मरीन प्लाय वापरू, मग बुडालं तरी चिंता नाही. बरोबर आहे का?

---

गुण्या
शाब्बास! टेपचं नाक पक्कडीने दाबणारे इंजिनियर पाहिलेत मी, तुम्ही एकट्या नाही.

मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का. साधा कमर्शियल प्लाय येतो तो आयएस ३०३. मरीनमध्ये डिंक उकळत्या पाण्याला टिकणारा, थर सुटत नाहीत. ते खरं. पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. वरचा सनमायका फेविकॉलने लावलेला, तो सुटतो. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल गाळाने जाम होतात आणि गंजतात. आणि एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या लगद्याच्या बोर्डाचा, पल्ला लावलात तर मागे मरीन असून उपयोग काय? तो पहिला फुगणार. शिवाय सगळंच मरीन केलं तर बिल पाहून मालकच बुडतील.

माझं ऐकाल तर खालचं खालचं लाकूडकाम कमीच ठेवा. ओट्याखाली विटांच्या उभ्या भिंती आणि कडाप्पा, त्याला नुसते पल्ले, बिजागरीतून काढून वर नेता येतील असे. बिजागऱ्या ३०४ स्टीलच्या, तुमच्याकडे खारी हवा पण आहे. डब्ल्यूपीसी-पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकवाले, बोर्ड पाण्याला भीत नाहीत पण स्क्रू नीट धरत नाहीत आणि लांब फळी वाकते, छोट्या पल्ल्याला ठीक. आणि प्लगपॉइंट वर घ्या, इन्व्हर्टर तर नक्कीच.

---

वाशिष्ठीकाठ
म्हणजे आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरासारखंच!

---

गुण्या
हो. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवरचा रेंडर नव्हता एवढंच.

---

सॅंपलफ्लॅट
घुसखोरी करतो. ठाण्यात बिल्डरकडे आहे. शहरात काम घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती केलेल्या असतात. वीट नसतेच. त्या भिंती भार घेतात, त्या पाडायच्या नाहीत आणि वायरिंगसाठी खाचाही मारायच्या नाहीत. ऑनलाइन शिकलेली एक मुलगी "किचनची भिंत काढून ओपन किचन" असा सुंदर थ्रीडी घेऊन आली होती. गिऱ्हाईक प्रेमात. सोसायटीने नकार दिल्यावर रडायची वेळ आली. प्लॅन काढण्याआधी बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायचं आणि सोसायटीचे नियम वाचायचे.

---

कागदपत्र
यात कॉलेजवालेही फसतात.

---

सॅंपलफ्लॅट
फसतात. पण त्यांना फसल्यावर फोन करायला सर असतात.

---

नाशिकची_मनी
हे अगदी खरं. मला दूरशिक्षणात सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर हेच. वर्गात शेजारच्या मुलीचं ड्रॉइंग बघून जे कळतं ते कळत नाही. सरांनी तिला झापलं की आपली पण चूक कळते. मी मग आमच्या बॅचमधल्या चौघींचा ग्रुप केला, सबमिशनआधी एकमेकींचे प्लॅन फाडायचे. अळीमिळी गुपचिळी नाही, थेट फाडायचे. दोघी अजून रोज बोलतो.

---

वाशिष्ठीकाठ
मनीताई, तुमचं वाचून मी पण रविवारच्या तासाला चॅटमध्ये लिहिलं. रत्नागिरीची एक, सोलापूरची एक आणि बेळगावचे एक काका (वय ६१!) मिळाले. काकांनी माझा बेडरूमचा प्लॅन बघून विचारलं, "पलंगाच्या त्या बाजूने उतरणारा माणूस भिंतीतून जाणार का?" सासूबाई म्हणाल्या, हा माणूस कामाचा आहे.

मालकीणबाईंनी आता ओट्याचं ड्रॉइंग मलाच करायला सांगितलंय. पैसे नाहीत, पण काम माझं. पुस्तकात ओट्याची उंची ३४ ते ३६ इंच दिलीय. बाई उंचीने चार फूट अकरा इंच आहेत. मी त्यांना उभं करून कोपरापर्यंत मोजलं तर ३६ भरलं. मग ओटा ३६ कसा चालेल, खांदे वर करून कणीक मळायची का?

---

निवृत्त_मास्तर
पुस्तकातली मापं बहुतेक अमेरिकन देहाची असतात. एनआयडीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९९७ साली भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं, मिळालं तर बघा. पण बाई समोर उभ्या आहेत, तर पुस्तकापेक्षा त्या खऱ्या.

---

गुण्या
कोपरापासून चार-पाच इंच खाली. म्हणजे ३१-३२.

पण थांबा. शेगडी ओट्यावर ठेवणार की ओटा कापून त्यात हॉब बसवणार? वर ठेवायची असेल तर शेगडी स्वतः चारेक इंच घेते, त्यावर कुकर. नुसता ओटा मोजू नका. टेबलाखाली विटा ठेवून ३१ ची उंची करा, त्यांची शेगडी आणि त्यांचाच कुकर वर ठेवा आणि त्यांना आत डोकवायला सांगा.

---

वाशिष्ठीकाठ
आजच केलं. ३१ वर पाच लिटरच्या कुकरात डोकावताना टाचा उचलत होत्या. शेगडीपुरता भाग २८ वर आणला, मग जमलं. कणकेसाठी मात्र ३१ च बरं वाटतंय म्हणाल्या. आता सिंकचं काय करू? भांडं तर तळाशी असतं, म्हणजे उंच हवं ना?

---

गुण्या
हो, सिंक उलटं. ३३ धरा, आणि सिंक आठ इंचांपेक्षा खोल घेऊ नका. तीन उंच्या झाल्या, ग्रॅनाइटवाला कुरकुरेल, जोडाचे जादा पैसे मागेल. आधी त्याला विचारून मगच ड्रॉइंग फायनल करा. फोटो टाका बसल्यावर.